तिकडचा दोष

रात्री दोन सतराला
स्वारगेटच्या तिसऱ्या मजल्यावर
सातव्या रॅकमधल्या चौथ्या कार्डाचा दिवा पिवळा झाला.
लाल झाला असता तर बरं होतं.
लाल म्हणजे मला काही दिसत नाही.
पिवळा म्हणजे मला सगळं दिसतंय,
आणि तिकडून येणाऱ्या त्या स्वच्छ उजेडात
एकच निरोप आहे:
तुझं काही पोचत नाही.

डोईफोडे नवीन. म्हणाला, सर, आपलं रिसीव्ह
मायनस चौदा, एकदम ठीक. अलार्म खोटा असेल,
क्लिअर करू?
म्हटलं, बाबा, हा अलार्म खोटं बोलत नाही.
फक्त दुसऱ्याचं बोलतो.

खेड शिवापूरला तांबोळीबाई होत्या ड्यूटीवर.
फोनमधून हायवेचे ट्रक ऐकू येत होते.
"इथं अंधार आहे. तुमचाच."
"मी पाठवतोय."
"पाठवत असाल. येत नाही."

मग आधी आपलं घर.
आपल्याच ट्रान्समिटची केबल आपल्याच रिसीव्हला लावली,
मध्ये दहा डीबीचा अटेन्युएटर,
नाहीतर कार्डाचे डोळे जातात.
दिवा लगेच हिरवा.
स्वतःचं स्वतःला ऐकू आलं
की कुणाची काही तक्रार राहत नाही.
हे मी डोईफोडेला सांगितलं नाही,
त्याचं नुकतंच लग्न ठरलंय.

कनेक्टर पुसला. भिंगाखाली पाहिला.
एक ठिपका होता, तो गेला.
दिवा पिवळाच.

तांबोळीबाईंना त्यांच्याकडची केबल काढून ठेवायला सांगितली
आणि जाणाऱ्या धाग्यावर ओटीडीआर लावला.
पडद्यावर रेघ उतरत गेली, सावकाश,
धनकवडी, कात्रज, सगळे जोड ओळखीचे,
छोट्या छोट्या पायऱ्या,
आणि नऊ किलोमीटर तीनशे ऐंशी मीटरवर
पायरीच नव्हती. खाली नुसतं गवत.

फायबरचे किलोमीटर रस्त्याचे नसतात.
प्रत्येक चेंबरमध्ये तिची दहा-पंधरा मीटर गुंडाळी
झोपलेली असते, ती वजा करायची.
वजा करून आलं भिलारेवाडीच्या अलीकडे,
रसवंतीच्या मागचं चेंबर.
हे मी नकाशा न बघता सांगितलं.
डोईफोडेने मान वर करून पाहिलं.

जयसिंग दांगट आंबेगावातून निघाला,
मागे स्प्लायसिंगची पेटी, डोक्याला बॅटरी.
साडेचारला त्याचा फोन.
"झाकण उघडलं. चोवीसातला एकच गेलाय, नारिंगी.
ट्रेच्या कडेला दाबून बसवलाय झाकणाखाली.
एवढी वर्षं टिकला कसा कुणास ठाऊक."
मी काही बोललो नाही.
"आत चिठ्ठी आहे, साहेब.
तारीख चौदा सालची. सही लागत नाही,
र आहे का स आहे…"

पाऊस नव्हता त्या रात्री, एवढं आठवतं.
घाई होती. धाकटीला ताप होता
आणि झाकणाचा शेवटचा स्क्रू
जरा जोर लावल्यावर बसला होता.

"नसेल लागत," म्हटलं. "जोड तू."

फोन चालूच ठेवला त्याने.
काच सोलल्याचा आवाज येत नाही,
कापल्याचा येतो, टिक्,
मग मशीनची बारीक शिट्टी,
म्हणजे ठिणगी पडून दोन टोकं
एकमेकांत विरघळली असणार.
"शून्य पूर्णांक शून्य दोन," दांगट म्हणाला,
जरा अभिमानानेच.

खाली पीएमपीच्या पहिल्या बसने इंजिन चालू केलं.
चौथं कार्ड हिरवं झालं.
कुणी टाळ्या वाजवत नाही अशा वेळी.
तांबोळीबाई म्हणाल्या, "आलात. मायनस पंधरा."
आणि फोन ठेवला.

डोईफोडेने रजिस्टर ओढलं.
वेळ लिहिली, अंतर लिहिलं,
दांगटचं नाव लिहिलं,
दोष कुठे, तर तिकडे, असंही लिहिलं,
आणि पेन कारणाच्या रकान्यावर धरून थांबला.

तो मी भरतो, म्हटलं.
तू जा, चहा सांग दोन.